वार्धक्य आणि तहान
(आदिलाबाद जिल्ह्यातील ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेले भाषण)



मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी घरातील आजोबांना पाणी पुढे केले, तर ते पुष्कळदा म्हणतात, “तहान नाही.” आपण त्यास हट्ट समजतो. परंतु ते खरेच बोलत असतात.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथील काही चेतापेशी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तयार करतात. घामाने शरीरातील पाणी घटले व रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले, की पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून ते रक्तात सोडले जाते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. त्याच वेळी तहानही लागते.

वय वाढले म्हणजे या पेशी झिजून जात असतील, असा आपला तर्क होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या बहुतांशी टिकून राहतात, किंबहुना अधिक जोमाने काम करतात. मूत्रपिंडे मात्र त्यांची आज्ञा पूर्वीइतकी पाळीत नाहीत, आणि तहानेची जाणीव बोथट होते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी 1984 साली सात निरोगी वृद्ध व सात तरुण यांना 24 तास पाण्यावाचून ठेवले. वृद्धांच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन अधिक वाढले होते, तरी त्यांना तहान कमी लागली आणि पुढे पाणी मिळाल्यावरही ते कमीच प्याले.

रात्रीचा प्रश्न वेगळा. तरुणपणी हे संप्रेरक रात्री वाढते व झोप मोडत नाही. अनेक वृद्धांत ही वाढ मंदावते. मग रात्री वारंवार उठावे लागू नये म्हणून ते दिवसाच पाणी तोडतात! अंधारात अंगण ओलांडण्याची भीती ज्याने पाहिली आहे, तो त्यांना दोष देणार नाही.

म्हणून तहानेची वाट न पाहता, दर तास-दीड तासाने अर्धा पेला पाणी किंवा ताक हाती द्यावे. मोठा वाटा सायंकाळपूर्वी. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, अथवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पाण्याचा अतिरेकही वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरवू शकतो. आणि उन्हाळ्यात एखादी आजी अचानक असंबद्ध बोलू लागली, सुस्त पडली, तर ‘वय झाले’ म्हणून निजवून न ठेवता तिला सावलीत घ्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे व ताबडतोब दवाखान्यात न्यावे.