अंधाराचे छायाचित्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे कशी घ्यावीत, याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय कळताच आपल्यातील एका भगिनीने मला विचारले, "अहो, गल्लीत दिवे लागावेत म्हणून मंडळानेच अर्ज दिला, आणि आता तुम्ही अंधाराचे गुण गाणार का?" प्रश्न रास्त आहे. त्या अर्जावर पहिली सही माझीच होती. म्हणून छायाचित्रांची हकीगत सांगता सांगता याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आपल्या डोळ्याला उजेड फार वेळ साठवून ठेवता येत नाही. कॅमेऱ्याला येतो. अमावास्येच्या सुमारास तो तिपाईवर पक्का बसवावा, भिंगाचे तोंड पूर्ण उघडावे, एखादा ठळक तारा बारीक टिंबासारखा दिसेपर्यंत भिंग हाताने जुळवावे, आणि झडप १५ ते २० सेकंद उघडी ठेवावी. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. झडप याहून अधिक वेळ का ठेवू नये? पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते, आणि ताऱ्याच्या टिंबाची रेघ होते. २४ मिलिमीटरचे भिंग असेल तर ५०० ला २४ ने भागावे. सुमारे २० सेकंद येतात. हा ढोबळ हिशेब गृहिणीलाही सहज जमणारा आहे. हल्लीच्या पुष्कळ मोबाइलांतही रात्रीच्या छायाचित्रांची सोय असते. मात्र तो हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवावा.

गेल्या वैशाखातल्या अमावास्येला आम्ही घरची मंडळी जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या बाजूला गेलो होतो. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून विजेरीला लाल कागद बांधला होता. लाल उजेडाने ही सवय फारशी मोडत नाही, आणि पायाखालचे विंचूकाटेही दिसते. उत्तरेला ध्रुव होता. आपल्याकडे तो क्षितिजापासून सुमारे १९ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर दिसतो. दक्षिणेला वृश्चिक, त्यातली तांबूस ज्येष्ठा, शेजारी धनु आणि त्यांमधून वर चढलेली आकाशगंगा. छायाचित्रात ती डोळ्यांना दिसली त्याहूनही दाट उमटली. परंतु चित्राच्या तळाशी एक पिवळट पट्टा होता. नात म्हणाली, "आजी, हा धूर कुठला गं?" तो धूर नव्हता. गावांतल्या दिव्यांचा वर गेलेला उजेड होता तो. त्याच कॅमेऱ्याने, तितक्याच सेकंदांत, परभणीत आमच्या गच्चीवरून चित्र घेतले, तेव्हा सबंध आकाशच त्या पट्ट्यासारखे आले.

भगिनींनो, आता मूळ प्रश्नाकडे वळते. वर गेलेला उजेड आपल्या वाटेवर पडत नाही. त्याचे बिल मात्र आपण भरतो. शिवाय उघडा, झगझगीत दिवा डोळ्यांवर आला की डोळे दिपतात आणि त्यामागच्या सावलीत कोण उभे आहे हे दिसेनासे होते. म्हणजे ज्या दिव्याने तारे झाकले, त्याने आपल्या मुलींनाही पुरते राखले नाही.

याला उपाय आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला. भारतात असे हे पहिलेच ठिकाण. तेथील वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले दिवे काही काढून टाकले नाहीत. शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे केली. गावाच्या वाटांवर उजेड राहिला आणि आकाशही राहिले. लडाखमधील हानले येथेही २०२२ मध्ये रात्रीचे आकाश राखण्यासाठी असाच प्रदेश घोषित झाला.

तेव्हा दिव्यांचा अर्ज मागे घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यात एक ओळ वाढवावी, एवढेच माझे म्हणणे : दिव्याला वरून झाकण असावे, त्याचा झोत खाली पडावा, आणि प्रकाश निळसर पांढरा नसून पिवळसर असावा; कारण निळसर उजेड हवेत अधिक विखुरतो. आपल्या अंगणातल्या दिव्याला तर आजच झाकण बसविता येईल.

आणि वर्षातून एकदा तरी, चार बायकांच्या सोबतीने, घरी सांगून, मुलींना गावाबाहेर तारे दाखवावयास न्यावे. आपल्या आज्या ज्या मृगाच्या भरवशावर पेरणीचे बोलत, तो मृग आकाशात कुठे असतो, हे किती मुलींना ठाऊक आहे? पौष-माघात संध्याकाळी तो डोक्याकडे चढत असतो. कॅमेरा नसला तरी अडत नाही. दागिने आणि भांडी आपण लेकींना देतोच. हे आकाशही त्यांच्या हाती धडपणे द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.