कायदा आधी कुणी वाचायचा?

(आपल्या गेल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून पाठवत आहे.)



मागच्या बैठकीनंतर चहा पिताना विषय निघाला होता, की घरमालकाने अडवलेलं डिपॉझिट मी वकील न करता कसं परत मिळवलं. तेव्हा फर्मान सुटलं, की पुढच्या वेळी याच विषयावर अर्धा तास बोलायचं. म्हणून आज उभी आहे. आधीच सांगते, मी वकील नाही. बँकेत जोखीम व्यवस्थापनाचं काम करते. त्यामुळे जे सांगणार आहे तो कायदेशीर सल्ला नव्हे. कायदा शोधायचा कुठे, एवढंच सांगणार आहे. आणि तो शोधताना मला जे सापडलं आणि सापडून बरं वाटलं नाही, तेही सांगणार आहे.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद कॅलिफोर्नियात आहेत. तिथे प्रत्येक काउंटीत सामान्य नागरिकांसाठी विधी ग्रंथालय असतं. १८९१ साली तिथल्या राज्याने तसा कायदा केला आणि दिवाणी दावा दाखल करताना लोक जी फी भरतात तिच्यातला वाटा या ग्रंथालयांना मिळतो. तिथे पुस्तकं असतात, कोर्टाचे फॉर्म असतात, ते कसे भरायचे याचे वर्ग असतात, ठरावीक दिवशी वकील येऊन बसतात. तिथला ग्रंथपाल तुम्हाला कलम काढून देतो, पण ‘मी काय करू?’ याचं उत्तर देत नाही. ही सीमा सगळीकडचे ग्रंथपाल कटाक्षाने पाळतात, आणि ते योग्यच आहे.

सिंगापुरात याच सेवा आहेत, पण एका छपराखाली नाहीत. विद्यापीठांची विधी ग्रंथालयं उत्तम आहेत. एनयूएसचं सी. जे. को यांच्या नावाचं, एसएमयूचं क्वा ग्योक चू यांच्या नावाचं. पण ती मुख्यतः तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आणि अध्यापकांसाठी. आपल्यासारख्यांनी सुरुवात करावी ती व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयापासून. ही इमारत २००५ साली उघडली. सातव्या मजल्यापासून वर ली काँग चियान संदर्भ ग्रंथालय आहे. आत जाऊन वाचायला सभासदत्व लागत नाही, पासपोर्टचा रंग कुणी विचारत नाही. सिंगापुरात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाच्या दोन प्रती कायद्यानेच राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा कराव्या लागतात, त्यामुळे इथल्या कायद्यावरची इथली पुस्तकं शोधायला याहून चांगली जागा नाही. पुस्तक घरी नेता येत नाही. वही घेऊन बसायचं.

माझं प्रकरण २०२२ सालचं. दोन वर्षांचा भाडेकरार संपला, आम्ही घर सोडलं आणि मालकाने दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट अडवलं. भिंतींना रंग, पडदे, एसीची सफाई, दाराला ओरखडा. यादी वाढतच गेली. वकिलाची फी डिपॉझिटच्या जवळपास जाणार होती. एका शनिवारी वैतागून ग्रंथालयात गेले. समोरच्या बाईंना म्हटलं, मालक पैसे देत नाही, मी काय करू? त्या हसून म्हणाल्या, ते मी नाही सांगू शकत, पण भाडेकराराविषयीचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगते.

त्या दिवशी तीन गोष्टी कळल्या. एक, ‘स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल्स’ घरभाड्याचे वाद ऐकतं, मात्र करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसावा. मर्यादा वीस हजार डॉलर, दोन्ही पक्षांनी लेखी मान्य केलं तर तीस हजार. दोन, तिथे वकील चालत नाहीत. मालकालाही स्वतःच बोलावं लागतं. तीन, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. दावा घरबसल्या संगणकावरून दाखल करता येतो आणि तिथेच समोरच्याशी वाटाघाटीही करता येतात. आमचं प्रकरण वाटाघाटीतच मिटलं. पडद्यांचे आणि एसीचे पैसे आम्ही सोडले, बाकीचे आले.

आता साधनांबद्दल. वही काढा.

पहिलं, ‘सिंगापूर स्टॅट्यूट्स ऑनलाइन’. ॲटर्नी जनरलच्या कचेरीचं संकेतस्थळ, फुकट. सगळे कायदे आणि नियम तिथे आहेत. एखादा कायदा अमुक तारखेला कसा होता तेही पाहता येतं. दुसरं, न्यायालयांचे निकाल. तेही आता फुकट वाचता येतात. तिसरं, संसदेच्या कामकाजाचे अहवाल. कलमाचा अर्थ लागत नसेल तर मंत्र्याने विधेयक मांडताना काय म्हटलं ते वाचावं, डोक्यात प्रकाश पडतो. चौथं, माणसं. स्टेट कोर्टात ‘कम्युनिटी जस्टिस सेंटर’ आहे. वकील नसलेल्यांना तिथे मार्गदर्शन मिळतं. ‘प्रो बोनो एसजी’, म्हणजे पूर्वीची लॉ सोसायटीची प्रो बोनो सेवा, वस्त्यांमध्ये सल्ला केंद्रं चालवते, व्याख्यानं ठेवते. तिथल्या पात्रतेच्या अटी आधी पाहून जा. सरकारी ‘लीगल एड ब्यूरो’ १९५८ पासून आहे, पण तो नागरिक आणि पीआर यांच्यासाठी, तेही उत्पन्नाची अट पाहून.

नोकरीच्या तक्रारींसाठी १ एप्रिल २०१७ पासून ‘एम्प्लॉयमेंट क्लेम्स ट्रायब्युनल्स’ आहेत. आधी मध्यस्थीला जावं लागतं, मग ट्रायब्युनल. तिथेही वकील नाहीत. आणि आपल्यातल्या मॅनेजर मंडळींसाठी महत्त्वाचं: एप्रिल २०१९ पासून एम्प्लॉयमेंट ॲक्ट पगाराची मर्यादा न ठेवता मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह यांनाही लागू आहे. ‘आम्ही मॅनेजर, आम्हाला कायदा नाही’ हे आता खरं नाही.

एक गंमतही सांगते. पुस्तकं चाळता चाळता इथला पीनल कोड उघडला आणि गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. कलम ३०२ खून, कलम ४२० फसवणूक. १८६७ पर्यंत या बेटाचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता, आणि १८७२ मध्ये इथे आलेला पीनल कोड आपल्या १८६० च्या कायद्यावरूनच घेतलेला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. म्हणजे खरा ‘चारसोबीस’ आता भारतात उरला नाही, सिंगापुरात आहे!

हशा झाला, आता अवघड भागाकडे येते.

एम्प्लॉयमेंट ॲक्ट कुणाकुणाला लागू आहे ते मी वाचत होते. सुरुवातीलाच तो कुणाला लागू नाही ते लिहिलेलं आहे. त्यात घरकामगार आहेत. मला आश्चर्य वाटलं. त्याहून जास्त आश्चर्य याचं वाटलं, की पाच वर्षं माझ्या घरात एक घरकामगार राहत होत्या आणि त्यांना कुठला कायदा लागू आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. डिपॉझिटसाठी मी चार शनिवार ग्रंथालयात घालवले. त्यांच्यासाठी चार मिनिटंही नाही.

त्यांच्यासाठीचे नियम परदेशी कामगारांच्या कायद्याखाली येतात, वर्क पासच्या २०१२ च्या नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात. ग्रंथपालबाईंनी ते मला पडद्यावर काढून दिलं आणि त्या दुसऱ्या वाचकाकडे गेल्या. मी एकटीच वाचत बसले. २०१३ पासून दिलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या परमिटवर आठवड्याला एक सुट्टी. त्यांच्या संमतीने त्या दिवशी काम घेतलं तर निदान एका दिवसाचा जादा पगार किंवा बदली सुट्टी. आणि १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही विकत घेता येणार नाही, ती द्यायचीच. २०१९ पासून त्यांचे पैसे मालकाने ‘सांभाळून’ ठेवायलाही बंदी. आणि पासपोर्ट कायद्याप्रमाणे दुसऱ्याचा पासपोर्ट वाजवी कारणाशिवाय अडवून ठेवणं हा गुन्हा.

आमच्या घरचा हिशेब सांगते. पगार आम्ही त्यांच्या खात्यात भरत होतो. तेवढ्यापुरतं हुश्श केलं. सुट्ट्या? ‘तुम्हाला पैसे हवेत की रविवार?’ असं मी २०१७ साली, पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या ‘पैसे’ म्हणाल्या. पुन्हा कधी विचारलं नाही. आणि पासपोर्ट? तो माझ्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. ‘हरवायला नको म्हणून.’ माझा स्वतःचा पासपोर्ट जर कंपनीने हरवू नये म्हणून तिजोरीत ठेवला असता, तर मी या व्यासपीठावर केवढं भाषण ठोकलं असतं, विचार करा.

त्या रात्री मी पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि नियमांचा कागद समोर ठेवून समजावायला लागले. मनात कुठेतरी असं, की मी यांना ज्ञान देते आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला माहीत आहे, मॅम. मी पहिल्यांदा आले तेव्हा क्लासमध्ये सांगितलं होतं.”

इथे पहिल्यांदा कामाला येणाऱ्या घरकामगारांना २०१२ पासून एक दिवसाचा वर्ग सक्तीचा आहे. त्यांना पहिल्या आठवड्यापासून सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, “तुम्ही परमिट रद्द केलं असतं तर?”

मित्रहो, मला आज सांगायचंय ते एवढंच. आपण पुरोगामी म्हणवणारे लोक नेहमी म्हणतो, की लोकांना आपले हक्क कळले पाहिजेत, अज्ञान हटलं पाहिजे. खरंच आहे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्याला १४० वर्षं होऊन गेली. अक्षरशत्रू शेतकरी कागदपत्रांत आणि कचेऱ्यांत कसा नागवला जातो हे त्यांनी त्यात दाखवलं. तिथे ज्याच्यावर अन्याय होत होता त्याला वाचता येत नव्हतं. माझ्या घरात ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनी नियम ऐकले होते आणि त्या गप्प होत्या. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नव्हतं. ज्याच्या हातात दुसऱ्याचं परमिट आहे, कायदा वाचण्याची जबाबदारी आधी त्याची. गरजवंत माणूस कायदा पाठ करूनही तोंड उघडू शकत नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, ‘आमच्या हेल्परलाच सुट्टी नको असते.’ मीही पाच वर्षं हेच म्हणत होते. एकदा विचारून मिळालेलं उत्तर आपण जन्मभर वापरतो. दर महिन्याला विचारून पाहा, आणि ‘नाही’ म्हटलं तरी काही बिघडणार नाही हे त्यांना दिसेल अशा रीतीने विचारा. आमच्याकडे पहिल्या रविवारी दुपारी दोनला जेवण झालं, तेही खिचडी. दुसऱ्या रविवारी नवऱ्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला लागल्या. आता त्या दर रविवारी बाहेर असतात. कुठे जातात ते मी विचारत नाही, जसं माझ्या शनिवारी मी कुठे जाते ते बँक विचारत नाही.

हाच प्रश्न गावाकडेही आहे. पुण्यात, नाशकात आपल्या आईवडिलांना ज्या बाई सांभाळतात, त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यांची नोंदणी झाली आहे का, हे आपण फोनवर कधी विचारलं आहे? भारतातले कायदे ‘इंडिया कोड’वर फुकट आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे मराठी अनुवादही झाले आहेत. आणि तिथे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याखाली मोफत वकील मागता येतो. ही गोष्ट आईला सांगा, आणि त्या बाईंनाही सांगा.

शेवटी दोन विनंत्या. आज घरी गेल्यावर कपाट उघडा. त्यात दुसऱ्या कुणाचा पासपोर्ट असेल तर आजच परत द्या. पोलिसांच्या भीतीने नको, पण उद्यावर टाकू नका.

दुसरी विनंती: पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेदहाला मी व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या ग्रंथालयाच्या दाराशी उभी असेन. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपला एक प्रश्न आणि एक करार घेऊन यावं. भाड्याचा, नोकरीचा किंवा घरातल्या हेल्परशी केलेला. कलमं मिळून शोधू. आणि तुमच्या हेल्परना यायचं असेल तर त्यांनाही जरूर आणा, मात्र तो त्यांच्या सुट्टीचा दिवस धरू नका.