बेळगावच्या सुनेचा चित्रपट



व्याख्यानाचे नाव फळ्यावर लागल्यापासून दोन प्रश्न मला विचारले जात आहेत. बेळगावच्या सुनेचा चित्रपट म्हणजे कोणता, आणि कामगार संघटनेच्या माणसाने चित्रपटावर बोलावे ते का? पहिल्याचे उत्तर एका शब्दाचे आहे. चित्रपट ‘मेट्रोपोलिस’, जर्मनीत तयार झालेला, मुका, 10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखविलेला. दुसऱ्याचे उत्तर थोडे लांबेल, म्हणून तर अध्यक्षांनी मला तासभर दिला आहे.

आधी कथा. भविष्यकाळातले एक प्रचंड नगर आहे. वर गगनचुंबी इमारती, बागा, धनिकांची मुले तेथे खेळतात. खाली यंत्रे. आणि यंत्रांच्याही खाली, जेथे सूर्य कधी पोचत नाही, तेथे कामगारांची वस्ती. पाळी बदलते तेव्हा माना खाली घातलेली माणसांची एक रांग आत जाते आणि दुसरी बाहेर येते. या नगरात कामगारांचे घड्याळ निराळे आहे, त्याच्या तबकडीवर दहाच आकडे आहेत, कारण पाळी दहा तासांची. नगराच्या मालकाचा मुलगा एकदा खाली उतरतो, एका थकलेल्या कामगाराच्या जागी स्वतः यंत्रापाशी उभा राहतो, आणि हे दहा तास संपणारच नाहीत की काय म्हणून टाहो फोडतो. मालकाच्या मुलाने केलेली ही पहिलीच पाळी असावी!

खाली भुयारात मारिया नावाची मुलगी कामगारांना धीर देते. ती बायबलातल्या बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट सांगते: ज्यांनी मनोरा कल्पिला त्यांची भाषा ज्यांनी दगड वाहिले त्यांना कळत नव्हती. आपल्याकडे औंढ्याला नागनाथाचे देऊळ पाहताना दगड घडविणाऱ्यांची नावे कोणी विचारीत नाही, तसेच ते. मालक एका शास्त्रज्ञाकडून मारियाच्या चेहऱ्याची लोखंडी बाई करवून घेतो. ती कामगारांना भडकविते, कामगार मुख्य यंत्र फोडतात, आणि पाणी फुटून त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच लेकरांवर येते. मुले वाचतात, लोखंडी बाई जाळली जाते, आणि शेवटी देवळाच्या पायऱ्यांवर मालक व मुकादम यांचा हात एकमेकांच्या हातात मालकाचा मुलगा देतो. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदय पाहिजे, हे चित्रपटाचे सांगणे.

ही कथा लिहिली थेआ फॉन हार्बू या बाईने. 1926 साली तिची कादंबरी प्रसिद्ध झाली, पटकथाही तिचीच, आणि दिग्दर्शन तिचा नवरा फ्रिट्झ लांग याचे. 1933 साली दोघांचा घटस्फोट झाला. हिटलर सत्तेवर आलेला होता. लांग देश सोडून गेला, बाई मागे राहिली आणि नाझी पक्षाची सभासद झाली. आणि याच बाईने त्या दशकात बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका मराठी पत्रकाराशी गुपचूप लग्न केले. त्यांचे नाव अयी गणपत तेंडुलकर, बेळगावकडचे. वयाने ते तिच्याहून सोळा-सतरा वर्षांनी लहान. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते भारतात परतले, इंग्रजांच्या तुरुंगातही राहिले, आणि 1945 साली सेवाग्रामला गांधीजींच्या साक्षीने त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. त्यांच्या कन्येने, लक्ष्मी तेंडुलकर-ढौल यांनी, या तिघांची हकीकत इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे. हिटलरच्या पक्षाची सभासद आणि गांधींच्या आश्रमातली वधू, एकाच मराठी माणसाच्या आयुष्यात! कादंबरीकार असे लिहील तर आपण त्याला हसू. मी त्या बाईला बेळगावची सून म्हणतो ते थोडे थट्टेने, पण नाते खोटे नाही.

आता भांडण. हा चित्रपट पहिल्या दिवसापासून लोकांना दोन्हीकडे ओढीत आला. त्या काळी त्याला पन्नास लाख मार्कांहून अधिक खर्च आला आणि उफा ही मोठी चित्रसंस्था त्यात जवळजवळ बुडाली. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने 1927 सालीच त्याला मूर्खपणाचा कळस ठरविले. वेल्सचे म्हणणे असे की, यंत्र वाढले म्हणजे गुलामासारखे राबणारे हात वाढत नाहीत, ते कमी होतात; तेव्हा हे पाताळातले कामगार आले कोठून? स्पेनचा लुई बुन्युएल चित्रे पाहून भारावला आणि कथेला मात्र नावे ठेविली. वेल्स मोठा माणूस, पण यंत्राबरोबर धावणाऱ्या माणसाला तो विसरला. मोबाइलवर घंटी वाजली की वीस मिनिटांत जेवण पोचविणारा पोरगा पाहिला म्हणजे ते दहा आकड्यांचे घड्याळ मला आठवते. मुंबईच्या मंत्रालयात तर 2025 च्या सप्टेंबरात कारखान्यातली दिवसाची मर्यादा नवावरून बारा तासांवर नेण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. लांगचे घड्याळ दहावर थांबले होते!

पण शेवटच्या हस्तांदोलनाचे काय? येथे मी वेल्सच्या बाजूला, नव्हे, त्याच्याही पुढे उभा आहे. हस्तांदोलन झाले, पाळी किती तासांची ठरली? मजुरी किती वाढली? वस्ती पाण्यात गेली, तिची भरपाई कोण देणार? कागद कोठे आहे? चित्रपट ज्या वर्षी दाखविला त्याच वर्षी, 1 जून 1927 पासून, आपल्या देशात कामगार संघटनांचा कायदा अमलात आला. पुढल्याच वर्षी मुंबईच्या दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्यांच्या संयुक्त संप समितीत नारायण मल्हार जोशी होते, डांगे होते, आणि समितीच्या मागण्या होत्या सतरा, लिहून काढलेल्या. ऑक्टोबरात संप मिटला तो फॉसेट यांच्या चौकशी समितीपुढे दोन्ही बाजूंनी आपापले आकडे मांडावयाचे ठरवून. मध्यस्थ असतो तो असा. त्याच्यापुढे हजेरीपट असतो, पगारपत्रक असते. हृदय असल्यास उत्तमच, पण हृदयावर सही-शिक्का करता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या चित्रपटातले कामगार लेकरे विसरून यंत्र फोडावयास धावतात. संपाच्या काळात घरातले पीठ किती दिवस पुरेल हा हिशेब ज्याने केला नाही असा माणूस मला माझ्या कामात भेटलेला नाही. लेकरांसाठीच तर संप असतो.

लांगलाही हा शेवट आवडेनासा झाला होता. पुढे अमेरिकेत त्याने तो बाळबोध असल्याचे वारंवार सांगितले. उतारवयात मात्र त्याचे मन थोडे वळले. यंत्रांनी चालविलेल्या समाजात काय कमी आहे असे त्याने तरुण मुलांना विचारले, तेव्हा ती हृदय म्हणाली, आणि कदाचित थेआचेच खरे असेल असे त्याला वाटू लागले. माझे मत मी सांगितले आहे, ते बदललेले नाही. परंतु ज्यांना हा चित्रपट प्राणापलीकडे आवडला त्यांना मी हसणार नाही, आणि त्याचे कारण पुढच्या हकिकतीत आहे.

पहिल्या दिवशी दाखविलेला चित्रपट अडीच तासांचा होता. धंदा बसला तशी कात्री चालली. अमेरिकेत तर मालकाच्या दिवंगत प्रेयसीचे नाव हेल, ते इंग्रजीत नरकासारखे ऐकू येते म्हणून तिची सगळी कथाच कापली. जर्मनीतही कापला. काय गेले पाहा: 11811 क्रमांकाचा तो कामगार, ज्याच्या जागी मालकाचा मुलगा पाळी करतो, त्याची स्वतःची कथा जवळजवळ सगळी गेली. ज्याला नावाऐवजी क्रमांक दिला होता, त्याचा क्रमांकही गेला! पुढली ऐंशी वर्षे जगाने अपुराच चित्रपट पाहिला आणि त्याच्यावरच भांडण केले.

अखंड प्रत मात्र दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनात, पोचली होती. कात्री चालण्यापूर्वीच तेथल्या एका वितरकाने ती नेली. पुढे ती एका समीक्षकाच्या संग्रहात गेली, तेथून सरकारी संस्थेकडे. जुनी फिल्म पेट घेणारी म्हणून तिची लहान फितीवर नक्कल काढली आणि मूळ नष्ट केली. ती नक्कल बोनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात डब्यात पडून राहिली. तिचा माग कसा लागला? तेथल्या एका फिल्म क्लबचा चालक जुन्या आठवणी सांगताना म्हणे की, आम्ही मेट्रोपोलिस दाखविला तेव्हा फीत आकसलेली होती, ती नीट चालावी म्हणून दोन तासांवर मला यंत्रावर बोट दाबून उभे राहावे लागले. ऐकणाऱ्याला गंमत वाटावी अशी आठवण. फर्नांडो पेन्या नावाच्या संशोधकाच्या मनात मात्र चमकले की, उपलब्ध चित्रपट तर इतका लांब नाही, मग याचे बोट इतका वेळ कशाला दुखले? त्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 2008 साली पाउला फेलिक्स-दिदिएर यांच्या हाती संग्रहालय आल्यावर डबा उघडला, आणि सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग सापडला. 12 फेब्रुवारी 2010 रोजी जवळजवळ पूर्ण चित्रपट बर्लिनमध्ये पुन्हा दाखविला गेला. सापडलेल्या भागावर उभ्या ओरखड्यांचा पाऊस आहे, पण 11811 परत आला.

बंधुहो, त्या चालकाची नोंद कोणत्या इतिहासात नव्हती. यंत्र चालविणाऱ्या हाताला जे आठवले ते पंडितांच्या यादीत नव्हते. ज्या चित्रपटात हाताला डोके नाही असे दाखविले, त्याचे आयुष्य एका बोटाने राखले.

असाच वाद 1984 साली झाला. जॉर्जिओ मोरोडर या संगीतकाराने चित्रपट दीड तासाहूनही कमी केला, रंग चढविले आणि त्यावर पाश्चात्त्य तरुणांची गाणी घातली. अभ्यासकांनी कपाळावर हात मारला. पण एका अख्ख्या पिढीने मेट्रोपोलिस प्रथम पाहिला तो असाच, आणि आज पन्नाशी-साठी ओलांडलेली ती माणसे त्या गाण्यांची आठवण अजून मायेने काढतात. मला ती गाणी रुचली नाहीत. भजनात बँड वाजवावा तसे वाटले. तरीपण तिकीट काढून आलेल्या पोराला हाकलून देणारी शुद्धता मला नको.

स्वतः थेआचा शेवटही चाहत्यांच्या आठवणींतच झाला. 1954 साली बर्लिनमध्ये तिचा व लांगचा 1921 सालचा एक जुना चित्रपट पुन्हा दाखविला, तिला मानाने बोलाविले. बाहेर पडताना ती पडली, आणि 1 जुलैला गेली.

गेल्या वर्षी आम्ही हा चित्रपट हिंगोलीच्या हळद बाजारातल्या हमाल मंडळींना दाखविला. पोती उचलून दमलेली माणसे, अर्धी झोपतील असे वाटले होते. कोणी झोपले नाही. पाळी बदलण्याच्या देखाव्याला एक म्हातारा हमाल म्हणाला, “ही माणसं तोल सावरून चालतात, ह्यांनी ओझं वाह्यलेलं हाय.” त्या रांगांत बर्लिनचे बेकार खरोखरच रोजावर उभे केले होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शेवटच्या हस्तांदोलनाला दोघे टाळ्या वाजवू लागले, तिसऱ्याने विचारले, “आन् भाव काय ठरला?” त्यावर त्यांची जुंपली ती चहा संपेपर्यंत.

तीच प्रत मी आज बरोबर आणली आहे. उद्या रात्री आठ वाजता शाळेच्या भिंतीवर लावू. मधल्या पाट्या इंग्रजीत आहेत, त्या दोन शिक्षक मराठीत मोठ्याने वाचतील. अडीच तास लागतील, तेव्हा जेवून या, आणि थंडीच्या नव्हे तरी डासांच्या विचाराने पांघरूण आणा.