टाके सुकले, पण हिशेब जुळेना

आज आम्ही आमच्या बचत गटाची एक चूक सांगणार आहोत.

आमच्या खजिनदार ताई पन्नाशीच्या. दहा वर्षं वहीत रुपयाची चूक नाही. एका सकाळी भाकरी थापताना डोक्यात एकदम असह्य कळ आली, उलटी झाली, शुद्ध हरपली. मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून फुग्याच्या तोंडाशी क्लिप बसवली. महिन्याभराने ताई स्वतःच्या पायांनी घरी आल्या. आम्ही ओवाळलं आणि पुढच्याच बैठकीत वही त्यांच्या हातात दिली.

दोघींचे हप्ते लिहायचे राहिले, एकीचा दोनदा लिहिला गेला. चौघी एकदम बोलल्या की ताई गोंधळून गप्प बसत. साधा शब्द आठवत नसे. दुपारपर्यंत पार गळून जात. मग कुजबुज सुरू झाली, ‘दिसते तर धडधाकट, सोंग करते.’ एकीने तर पैसे खाल्ले असंही म्हटलं. ते कानावर गेलं आणि ताईंनी बैठकीला येणंच सोडलं.

आम्ही बँकेचं पासबुक काढलं. पैसे सगळे भरलेले होते, चुका फक्त वहीत होत्या. मान खाली घालून त्यांच्या घरी गेलो.

पुढच्या तपासणीला आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या. डॉक्टरांनी समजावलं, की अशा रक्तस्रावाने सगळ्या मेंदूलाच धक्का बसतो. पुढच्या दोन आठवड्यांत रक्तवाहिन्या आकसून मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. त्यामुळे हातपाय चालले तरी आठवण, लक्ष, शब्द आणि कामाचा क्रम यांत अडचण राहते. थकवाही खराच असतो. पहिल्या काही महिन्यांत बरीच सुधारणा होते, नंतरही हळूहळू होत राहते. पण काहींची थोडी अडचण कायम राहते.

आता आमची बैठक सकाळी असते. एका वेळी एकच जण बोलते. वही दोघी मिळून लिहितात, रक्कम मोठ्याने वाचतात. घरी सूनबाईंनी गोळ्यांना वारांची डबी केली, कामं कॅलेंडरवर लिहिली, गॅसवर काही ठेवलं की मोबाइलला गजर लावतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अशा आजारानंतर विसर वाढू लागला, चाल बिघडली, लघवीवर ताबा राहिना, तर ‘वय झालं’ म्हणू नका. मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं, त्यावर उपचार आहे. आणि कुणाचंही डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तर बाम चोळत बसू नका, १०८ला फोन करा.

ताई पुन्हा खजिनदार झालेल्या नाहीत. पण रक्कम मोठ्याने वाचतात त्या त्याच. मागच्या महिन्यात आमची बेरीज चुकली, ती त्यांनीच पकडली.

तुमच्या गावात अशी कोणी घरी परतली असेल, तर तिला आधी वेळ द्या, वही नंतर.