कर्मणी प्रयोग आणि इंग्रजी वाक्याचे रूपांतर



‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्याचा प्रयोग कोणता, असे विचारताच मराठी शाळेतील हुशार विद्यार्थी ‘कर्मणी’ असे उत्तर देतो, आणि ते बरोबर असते. आंब्याच्या जागी चिंच येताच ‘खाल्ली’ असे रूप होते. म्हणजे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पुढच्या तासाला ‘राम एट अ मँगो’ हे वाक्य फळ्यावर येते. विद्यार्थी ते मनात मराठीत आणतो, पुन्हा ‘कर्मणी’ म्हणतो, आणि या वेळी त्याला चूक ठरविले जाते. वस्तुतः दोष त्याचा नसतो. दोन भिन्न गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे तो फसलेला असतो.

मराठीत क्रियापद कोणाप्रमाणे बदलते, यावरून प्रयोग ठरतो. इंग्रजीत प्रश्न निराळा आहे: कर्त्याच्या स्थानी क्रिया करणारा आहे की क्रिया सोसणारा? वरील इंग्रजी वाक्यात खाणारा राम कर्त्याच्या स्थानी आहे. म्हणून ते ‘अ‍ॅक्टिव्ह’ होय. ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ हे त्याचे ‘पॅसिव्ह’. ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे मराठी वाक्य त्याच्या जवळचे आहे.

रूपांतराच्या पायऱ्या चार. प्रथम कर्म शोधून ते आरंभी आणावे. नंतर मूळ वाक्याचा काळ राखून ‘टु बी’चे रूप योजावे, ते नव्या कर्त्याच्या वचनाप्रमाणे असावे. ‘अ मँगो वॉज’, परंतु ‘मँगोज वेअर’. त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावे. शेवटी ‘बाय’ लावून मूळ कर्ता आणावा. ‘ही’ असल्यास ‘हिम’ करावे. दुसऱ्या पायरीवर मुले जुन्या कर्त्याकडेच पाहत राहतात व चुकतात. तेथे शिक्षकाने थांबावे. ‘द चाइल्ड स्लीप्स’ या वाक्यात कर्मच नाही. त्याचे रूपांतर होत नाही.

हे रूपांतर कशासाठी, हेही मुलांस कळावे. ‘राइस इज ग्रोन इन कोकण’ या वाक्यात भात कोण पिकवतो हे सांगावयाचे नसून कोठे पिकतो हे सांगावयाचे असते. अशा ठिकाणी ‘बाय’ची शेपटी जोडण्याचे कारण नाही.

वर्गात एका मुलाने फळा पुसावा. मुलाकडे बोट दाखवून पहिले वाक्य म्हणावे, फळ्याकडे दाखवून दुसरे. घटना एकच, दृष्टी तेवढी फिरली, हे मुलांच्या ध्यानी येते. आणि वहीत तांबडी खूण करण्यापूर्वी, ‘असे का लिहिलेस?’ एवढे अवश्य विचारावे. पुष्कळदा त्या चुकीमागे मराठी व्याकरणाचे अचूक ज्ञान आढळेल.