रक्तातली गर्दी आणि खरा काटा



माझी शाळा थोडी झाली. जे शिकलो ते पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून. आज रसायनशास्त्रातली एक गोष्ट मी मजुराच्या बाजूने मांडणार आहे.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसाहून अधिक दगावले. अशा वेळी सवाल उठतो : अंगात विष किती गेले? रक्तातल्या पेशी काढल्या की पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्यातले औषध वा विष मोजण्याचे आजचे नामी साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर.

हे यंत्र रेणूला वजनावरून ओळखते. पण आधी रेणूवर विद्युत्‌भार चढावा लागतो. द्रवाचे तुषार उडवून मोठ्या रेणूंवरही भार चढवण्याची रीत जॉन फेन यांनी बसवली. 2002 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेख इथेच आहे. तुषारावर भार मोजका आणि प्लाझ्मात क्षारांची, फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांची गर्दी. तुळजापूरच्या यात्रेला धाराशिवच्या स्टँडवर दांडगे एसटीत आधी चढतात आणि म्हातारी खाली राहते, तसे विषाचे रेणू मागे राहतात. विष असते, यंत्र कमी दाखवते. क्वचित जास्तही दाखवते. यालाच मॅट्रिक्स परिणाम म्हणतात.

उपाय काय? पहिला, गर्दी हटवणे. नुसती प्रथिने साकळवून काढली तर फॉस्फोलिपिड बरेच उरतात. म्हणून योग्य द्रावकाने विष वेगळे काढून घ्यावे. दुसरा, सर्वांत भरवशाचा : जोडीदार देणे. त्याच रेणूचा, पण काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवलेला भाऊ ठरावीक मापाने नमुन्यात आधीच घालतात. गर्दीचा धक्का दोघांना बहुधा सारखाच बसतो, म्हणून दोघांचे गुणोत्तर टिकते. त्यावरून खरा आकडा निघतो.

शिवाय माणसागणिक रक्त निराळे. म्हणून औषधांच्या चाचण्यांसाठी 2022 सालच्या आय.सी.एच. एम-10 या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने किमान 6 निरनिराळ्या स्रोतांतला प्लाझ्मा घेऊन पारख करण्यास सांगितले आहे. प्रत्येकात उत्तर खऱ्या मापाच्या 15 टक्क्यांच्या आत यावे. तो दंडक औषधांचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की मजुराच्या अंगातल्या विषालाही तीच कसोटी लावावी.

कारखान्यावर ऊस घातला, तर काटा तपासून मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. तसेच अहवालात ‘विष आढळले नाही’ असे आले, तर संघटनेने विचारावे : जोडीदार घातला होता काय? पारख किती जणांच्या प्लाझ्मावर केली? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही.