वेग राखणारी कळ

चालकाचा पाय पेडलवर नसतांही मोटारीचा वेग एकसारखा राखणारी योजना राल्फ टीटर या अमेरिकन यंत्रज्ञांनीं सिद्ध केली. ते बालपणींच अंध झाले होते. क्रायस्लरच्या १९५८ च्या नमुन्याच्या गाड्यांत ही योजना प्रथम आली.

अशा योजनेंत सर्वांत महत्त्वाची ती बंद करणारी कळ. ब्रेक दाबतांच वेगाची पकड सुटलीच पाहिजे. त्यासाठीं पेडलपाशीं एक कळ असतेच. ती फसली तर आधार म्हणून फोर्ड कंपनीनें कित्येक गाड्यांत दुसरी कळ ब्रेकच्या तेलाच्या नळकांड्यावर बसविली. तेलाचा दाब वाढला कीं पातळ पडदा हले व वीजप्रवाह तुटे.

परंतु एका बाजूस ज्वालाग्राही तेल, दुसऱ्या बाजूस वीज आणि मध्यें केवळ एक पडदा! शिवाय वीज अहोरात्र चालू. पडदा चिरला कीं तेल पाझरे, धातु गंजे, आणि इंजिन बंद करून उभ्या केलेल्या गाडीसही आग लागे. कळ कोणत्या दिशेनें बसविली आहे, यावरही तिचें आयुष्य अवलंबून असल्याचें चौकशींत दिसलें. १९९९ ते २००९ या काळांत एक कोटीहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आणि उपाय काय? तारेंत एक फ्यूज!

तेव्हां वस्तु कशी आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोठें बसणार, आणि बिघडली तर काय करणार, हेंही आराखड्यावरच ठरलें पाहिजे. रक्षणासाठीं नेमलेला पहारेकरीच घर पेटवूं लागला, तर तो दोष नेमणाऱ्याचा होय.